मधलं कपाट

प्रिय बारक्या,

रागाव हवं तर, पण हे पत्र फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, आईने पाठवलेला डबा तुझ्या त्या भाड्याच्या खोलीच्या दारातूनच परत धाडतोस. मग तुझ्याशी बोलायचं तरी कसं रे? लहानपणी रुसलास की माळ्यावर चढून बसायचास, पण पाय तरी खाली लोंबत असायचे. ते धरून ओढलं की काम व्हायचं. आता ओढायला पायही ठेवला नाहीस. म्हणून लिहायला बसले. किती वर्षांत हाताने काही लिहिलेलं नाही, बोटं दुखतात, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हसू आलं तर हस. तू हसलास एवढं कोणी येऊन सांगितलं तरी मला आज पुरे आहे.

आधी घरचं सांगते. आईचा गुडघा आहे तसाच आहे. डोळ्यात औषध घालायला तूच लागतोस तिला, माझा हात जड आहे म्हणते. तुझी स्कूटर अजून आपल्या दारातच उभी आहे, मागच्या चाकातली हवा गेलीय. आई रोज तिची सीट फडक्याने पुसते आणि मी बघतेय असं दिसलं की घाईघाईने खिडकी पुसायला लागते. मास्तरांचं नाव घरात निघत नाही. तुझंही फारसं निघत नाही. आम्ही दोघी जेवताना नळाच्या पाण्याबद्दल बोलतो.

मास्तरांना पोचवून आलो त्या दिवशी तू सगळ्यांच्या देखत मला म्हणालास की माझ्या आकड्यांनी त्यांचा जीव घेतला. शेजारी त्यांची बायको उभी होती, कंपनीतले सगळे होते. तुला वाटलं असेल, ही मूग गिळून बसली म्हणजे हिची चूक आहेच. तसं नव्हतं रे. मला खरंच माहीत नव्हतं. ज्या माणसाने तुला हातात पक्कड धरायला शिकवलं, बाबा गेल्यावर ज्याच्या मागे तू शेपटीसारखा फिरलास, तो माणूस बॅटरीच्या खोलीत धुराने गुदमरून गेला होता, आणि तिथल्या कंट्रोलरमधला प्रोग्राम माझा होता. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते? घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यानंतर मी दुसरं काही केलेलं नाही. तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. तुला वायरी कळतात, पण डब्याच्या आत काय चालतं ते तू कधी धड ऐकून घेतलं नाहीस. मी सांगायला लागले की ताईचं पोथीवाचन सुरू झालं म्हणून पळायचास. आज पळू नकोस. शीतगृहाच्या मागच्या त्या खोलीत नऊ कपाटं एका रांगेत आहेत, ती तुला पाठ आहेत. प्रत्येक कपाटात सेलांची चळत, आणि त्या सेलांचा विजेचा दाब आणि ताप बघणाऱ्या चिप. बाहेर बोळाच्या भिंतीवर डबा, डब्यात नखाएवढा कंट्रोलर. तो काही प्रत्येक कपाटाशी वेगळा बोलत नाही. त्याची वायर पहिल्या कपाटात जाते, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी शेवटपर्यंत. चिप वीज वाचवायला पेंगत असतात, म्हणून कंट्रोलर आधी पहिल्या कपाटाला नुसती टिचकी मारतो. ते जागं होतं आणि पुढच्याला टिचकी मारतं. सगळी जागी झाली की प्रश्न जातो, आणि उत्तरं तशीच हातोहात परत येतात. प्रत्येक उत्तराच्या शेपटीला पडताळ्याचा एक आकडा असतो. वाटेत उत्तरात तीळभर जरी बिघाड झाला तरी पडताळा जुळत नाही, कंट्रोलर ते उत्तर फेकून देतो आणि पुन्हा विचारतो. सांगायचा मुद्दा हा की खोटा आकडा तिथून बाहेर पडणं फार अवघड आहे. हे मी स्वतःची पाठ थोपटायला सांगत नाही.

पण त्या कपाटांना नाव नसतं, बारक्या. कंट्रोलर 'दोन नंबर' म्हणतो तेव्हा त्याच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की माझ्या वायरीपासून मोजत गेलं की दुसरं. आणि नवव्या कपाटातून एक वायर पुन्हा डब्याकडे येते. मधे कुठे वायर तुटली तर पलीकडच्या कपाटांना त्या बाजूने विचारता यावं म्हणून. त्यासाठी डब्याला खाली दोन सॉकेट आहेत, एक सुरुवातीच्या वायरीचं, एक शेवटच्या. दोन्ही अगदी सारखी.

तुला कवायतीचा तो दिवस आठवतो का? तू वर्गात सगळ्यांत बुटका, म्हणून नऊ जणांच्या रांगेत कायम पहिला, म्हणून तर बारक्या. मोजणी सुरू झाली की छाती फुगवून 'एक' ओरडायचास. एके दिवशी कवायतीचे सर पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि मोजणी तिकडून सुरू केली. तिकडचा तो ताडमाड मुलगा 'एक' म्हणाला आणि त्याच वेळी इकडून तूही 'एक' म्हणालास. सगळी रांग खो खो हसली. घरी येऊन तू दप्तर भिरकावलंस आणि म्हणालास, त्या मधल्या ढोल्याचं बरं असतं, कुठूनही मोजा, त्याचा आपला पाचच. आई हसत होती, मीही हसत होते, आणि तू आणखीच चिडत होतास. अजून माझ्या डोळ्यांसमोर तुझं ते नाक पुसणं आहे.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. तू सुट्टीवर होतास, तुला जे कळलं ते दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. घंटा वाजली तेव्हा बोळात मास्तर आणि शीतगृहाचा वॉचमन, दोघंच होते. मास्तरांनी डब्यावरचा स्क्रीन बघितला, वॉचमनला आतल्या बायामाणसांना बाहेर काढायला पिटाळलं, दोन नंबर तापलाय म्हणून ओरडले आणि खोलीत शिरले. जे करायचं तेच केलं त्यांनी. खटका ओढायचा, कपाटावरच्या थंड पाण्याची चावी फिरवायची, बाहेर यायचं. दाराच्या डावीकडे दोन नंबर. तो त्यांनी बंद केलेला सापडला, चावी पूर्ण फिरवलेली, पाणी धो धो वाहत होतं. आणि जळालं ते आठ नंबर, दाराच्या उजवीकडे. त्याच्यावर पाण्याचा थेंब पडला नव्हता. ते फुटलं तेव्हा धूर मास्तर आणि दार यांच्या मधे आला. ते डाव्या कोपऱ्यात सापडले. शीतगृहातल्या एकाही माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

डब्यात जुनं काही साठत नाही, फक्त आत्ताचं दिसतं, त्यामुळे स्क्रीनवर त्या वेळी काय होतं याचा पुरावा नाही. आमच्या टेबलावर नऊ कपाटांची जोडणी करून सगळ्यांसमोर चाचणी झाली. आठ तापवलं की आठच दिसलं, दोन तापवलं की दोनच. झालं. आमचे साहेब म्हणाले, यंत्र बरोबर आहे म्हणजे माणूस चुकला. वय झालं होतं, चष्मा होता, घाबरले असतील. आठचा दोन वाचला. मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात म्हणाले की गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो, आणि यात मागे राहिलेल्या कोणाचंच वाकडं होत नाही. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मला किळस आली. पण खोटं कशाला बोलू, क्षणभर हायसंही वाटलं.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या, मास्तरांच्या. कंपनीने त्यांना बोलावून घेतलं होतं आणि पाणी विचारायचंही कोणाला सुचलं नव्हतं. मी जवळ बसले तर माझा हात धरून त्यांनी एकच विचारलं, ते खरंच गोंधळले होते का गं? म्हणाल्या, अंधारात उठले तरी कधी माझी चप्पल त्यांच्या पायात गेली नाही, मग कपाट कसं चुकेल. तू जे ओरडून सांगत होतास तेच त्या हळू आवाजात विचारत होत्या. मास्तर चुकणार नाहीत. मी त्यांना म्हटलं, मी शोधते. त्या शब्दाने मी बांधली गेले.

तुझं म्हणणं होतं मास्तर खरे, म्हणून आकडा खोटा. साहेबांचं म्हणणं, आकडा खरा, म्हणून मास्तर खोटे. आणि माझी तर पक्की खात्री होत चालली होती की दोघंही खरे आहेत. मग मी प्रोग्राम सोडला आणि त्या जागेवर गेले. खोलीत काळं पाणी आणि तो वास, तो वर्णन करत नाही. पण डबा बाहेर बोळात आहे, त्याला झळसुद्धा लागलेली नाही. मी स्टुलावर चढले आणि सुरुवातीच्या सॉकेटमधली केबल बोटांनी चाचपत निघाले. ती भिंतीतल्या डाव्या भोकात जायला हवी, पहिल्या कपाटाकडे. ती गेली उजव्या भोकात. परत सॉकेटपासून सुरू केलं. पुन्हा उजव्या. दोन्ही केबली डब्याखाली एकमेकींना ओलांडून गेल्या आहेत, आणि इतक्या सुबक बांधल्या आहेत, पट्ट्यांची टोकं इतकी नीट कापली आहेत, की बघणाऱ्याला ते ओलांडणं दिसतच नाही.

रांगेची मोजणी पलीकडच्या टोकाकडून सुरू झाली होती, बारक्या. उत्तरं खरी होती, पडताळे जुळत होते, कसली म्हणून तक्रार नव्हती. आठ नंबर तापला तेव्हा कंट्रोलरने प्रामाणिकपणे सांगितलं, माझ्यापासून दुसरा तापलाय. मास्तरांनी ते प्रामाणिकपणे वाचलं आणि भरवशाने डावीकडे गेले.

तुला कळायला लागलं असेल. थांबू नकोस, वाचत राहा, ताईचं ऐक. हिवाळ्याच्या शेवटी तो डबा बदलला त्या संध्याकाळी तू आपल्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतास. किती खुशीत होतास! पहिल्यांदा सगळं एकट्याने केलं होतंस. जुन्या केबलींवरच्या चिठ्ठ्या हात लावताच गळून पडल्या, पण मला काय, कुठली कुठे ते डोळे मिटून सांगेन, असं म्हणालास. मग, तूच सांगितलंस, पद्धतीप्रमाणे एका कपाटावर गरम हवेचं मशीन लावून ठेवलंस आणि बोळात येऊन स्क्रीनवर आकडा चढताना बघितलास. मशीनची वायर दारापासून समोरच्या मधल्या कपाटापर्यंतच पुरत होती, म्हणून पाचवर लावलंस, आणि स्क्रीनवर पाचच चढला. मास्तरांनी बोळाबाहेरून विचारलं झालं का, तू म्हणालास झालं, आणि ते म्हणाले तू बघितलंस म्हणजे बघितलं. हे शेवटचं वाक्य तू आम्हाला दोनदा सांगितलंस. आईने तुला आणखी भात वाढला. नऊ कपाटांतलं ते एकच कपाट होतं रे, जे कुठूनही मोजलं तरी पाचच येतं. बाकी कुठलंही कपाट तापवलं असतंस तरी तुला तिथल्या तिथे कळलं असतं.

ओळखीची केबल, हातात बसलेलं काम, आणि पुरली नाही एवढीशी वायर. यात तुझा हलगर्जीपणा किती आणि नशीब किती, हे मी किती वेळा तोलून बघितलं असेल. मला तोलता येत नाही, मी तुझी बहीण आहे. पण दोन सॉकेट अगदी सारखी ठेवली ती कंपनीने. निघणार नाही अशी खूण केबलींवर कोणी केली नाही. आणि प्रत्येक चिपच्या पोटात तिचा कारखान्यातला क्रमांक असतो, तो विचारून कपाटाशी ताडून बघता येतो. आम्ही ते बघत नव्हतो, कारण कपाट दुरुस्त करताना चिप बदलली की क्रमांक जुळत नाही आणि उगाच घंटा वाजते म्हणून सगळेच वैतागायचे. हे मी अपघाताची चौकशी करणाऱ्या तपासनीस बाईंना सर्वांत आधी सांगणार आहे. तुझ्या एकट्याच्या डोक्यावर सगळं फुटू देणार नाही. पण तुझं ते राहतंच, बारक्या. ते मला पुसून टाकता येत नाही.

मनात आलं होतं की गप्प बसावं. डब्याखालच्या त्या केबली कोणी बघितलेल्या नाहीत. मधल्या कपाटाची गोष्ट आपल्या स्वयंपाकघराबाहेर कोणाला माहीत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. आईला एकदा नुसतं विचारलं, की समजा घरच्याच माणसाकडून काही झालं असेल तर. तिने पुढचं विचारलंच नाही. हातातलं फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि म्हणाली, त्या बाईला जन्मभर लोक सांगतील का, की तुझा नवरा येडा होता म्हणून मेला? तिला सगळं कळलंय असं मला वाटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरही कोणी नाही. फक्त संन्यासी लटकलाय, आणि त्याने तर तुला पोराप्रमाणे वाढवलं. आणखी एक, नऊ कपाटांच्या अशा खोल्या आपल्या कंपनीच्या आणखीही आहेत. तिथेही कोणाची तरी वायर मधल्या कपाटापर्यंतच पुरत असेल.

तू म्हणशील, ताईने स्वतःची मान सोडवली आणि माझी अडकवली. म्हण. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालास त्यापेक्षा हे जास्त लागणार नाही. मी तुला न्हाऊ घातलंय, शाळेत नेलंय, ही नोकरी मीच तुला मिळवून दिली. आईच्या गळ्याची शपथ, हे सगळं माझ्या हातून झालेलं असतं तर मला यापेक्षा सोपं गेलं असतं.

हे पत्र मी कशासाठी लिहिलं ते आता सांगते. सोमवारी तपासनीस बाईंपुढे मला बोलवलंय, आणि मी केबलींचं सांगणार आहे. तुझं नाव त्यांनी विचारलं तर तेही सांगणार आहे. त्याआधी तुझ्या हातात थोडा वेळ आहे. काकूंकडे जा आणि त्यांना तुझ्या तोंडाने सांग, की मास्तर चुकले नाहीत. त्या तुला मारतील, दार लावतील, काय करतील मला माहीत नाही, पण हे त्यांना एखाद्या कागदावरून कळायला नको. आणि तुलाही हे तिथे साहेबांच्या समोर, अनोळखी लोकांत कळायला नको होतं. तू हे वाचून एकटा तुझ्या खोलीत काय करशील याची मला धास्ती आहे. मास्तर गेले, तेवढं पुरे. आईला आणि मला तू हवा आहेस, चुकलेला हवा आहेस, जसा असशील तसा. म्हणून हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. तुझ्या दाराखालून सरकवून मी इथेच जिन्यात बसले आहे. आई खालच्या पायरीवर आहे, दुखऱ्या गुडघ्याने एवढंच चढता आलं तिला. आम्ही दोघी तुझ्याबरोबर काकूंकडे येतो. सगळं वाचून झालं ना? आता दार उघड.

तुझीच,
ताई